कवचातल्या चाळीस ओळी

सभागृहात खुर्च्या चौतीस होत्या आणि माणसं साठाच्या वर. स्वागतकक्षातली मुलगी फोन वाजता ठेवून दाराशी टाचा उंचावून उभी होती. रखवालदारही आत शिरला होता. त्याला कोडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चमत्कार बघायला शिक्षण लागत नाही.

समोरच्या पडद्यावर काळी चौकट उघडली होती आणि तिच्या शेजारी गुरुजी उभे होते. पन्नाशीचे, बंद गळ्याचा करडा कोट, पायांत नुसते मोजे. बूट त्यांनी दाराबाहेर काढले होते, कारण यंत्राला जमिनीतून कंप जाणवतात, असं ते म्हणत. ‘गुरुजी’ ही पदवी त्यांनी स्वतःहून घेतली नव्हती. लोकांनी दिली आणि त्यांनी परत केली नाही, इतकंच.

त्यांनी सकाळीच सगळ्या प्रोग्रामरांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. ‘या प्रोग्रामचं सगळ्यात जुनं दुखणं कोणतं?’ एवढाच प्रश्न. अठरा चिठ्ठ्या काचेच्या बरणीत घालून खळखळ हलवल्या आणि पहिल्या रांगेतल्या एकीला डोळे मिटून एक काढायला लावली. चिठ्ठी निघाली: रुग्णाचं नाव लांब असलं की औषधाच्या लेबलावर ते अर्धंच छापलं जातं. अकरा वर्षांची तक्रार. सभागृहात खसखस पिकली.

“आधी एजंटाला तसाच सोडू, उघडाबोडका,” गुरुजी म्हणाले.

एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपणच कोडात करणारं एआय, कामाला लागला. पहिल्यांदाच शहरात उतरलेल्या माणसासारखा तो या फोल्डरात डोकावला, त्या फोल्डरातून बाहेर आला, एकच फाइल तीनदा वाचली. वीस मिनिटांनी त्याने काहीतरी बदललं आणि लेबल छापलं तर ते कोरंच. लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी करुणेने पडद्याकडे पाहिलं.

“यंत्र मूर्ख नाही,” ते म्हणाले, “यंत्र घाबरलेलं आहे. अनोळखी कोडात त्याची मती कुंठित होते. आपण त्याला काम सांगतो, अभय देत नाही.”

मग त्यांनी खिशातून बोटभर लांबीची मेमरी स्टिक काढली, कपाळाजवळ नेली आणि यंत्राला जोडली. तिच्यात त्यांचं ‘कवच’ होतं: एक लांबलचक मजकूर, जो एजंटाला कामाआधी अखंड वाचायला द्यायचा. सभागृहात कोणी बोलू नये, अशी सूचना झाली. चार मिनिटं गेली. लेबल छापून आलं, त्यावर एका रुग्णाचं लांबच्या लांब नाव शेवटच्या अक्षरापर्यंत ठसठशीत उमटलं होतं.

टाळ्या थांबेनात. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या वाजवणाऱ्यांत शंकाबाईही होती.

हे तिचं खरं नाव नव्हे. ती तपासनीस. प्रोग्राममध्ये कोणी काही बदललं की ते रुग्णालयांकडे जाण्याआधी चालवून बघायचं आणि खाली सही करायची, हे तिचं काम. सोळा वर्षं ती प्रत्येकाला ‘पण असं झालं तर?’ विचारत आली होती, म्हणून ते नाव पडलं.

त्यांचा प्रोग्राम एक्केचाळीस रुग्णालयांच्या औषधखिडक्यांवर चालायचा. डॉक्टरचं चिठ्ठीवरचं औषध आत घालायचं, रुग्णाचं वजन घालायचं, की किती मिलिलीटर द्यायचं ते हिशेब करून लेबल बाहेर यायचं. बावीस वर्षांचा जुना कोड, नऊ लाख ओळी. ज्याने भिंत बांधली तो नोकरी सोडून गेला, ज्याने त्या भिंतीत दार फोडलं तोही गेला, आणि दार का फोडलं हे विचारायला कोणी उरलं नव्हतं. वर्षभरापूर्वी कंपनीने एजंट आणले. साध्या भाषेत काम सांगायचं, की तो आपणच कोड उघडतो, वाचतो, बदलतो. नव्या, लहान प्रोग्रामांत तो झपाट्याने चाले. इथे मात्र त्याचं पाऊल पडेना. कारण अगदी साधं होतं: तो दरवेळी नव्याने यायचा. काल जे वाचलं ते आज त्याच्या लक्षात नसायचं. घरात रोज नवी सून यावी, तिने रोज मिठाचा डबा शोधावा, आणि घरातल्या कोणीही तो कुठे आहे ते सांगू नये, तशी गत.

लोक मेटाकुटीला आले होते. अशा वेळी कोणीतरी गुरुजींना घेऊन आलं. त्यांनी आधी आठवडाभर ‘मौन’ मागितलं. दप्तरखोलीत एक यंत्र, जुन्या फाइलींच्या किल्ल्या, आणि दार बंद. आठव्या दिवशी बाहेर आले ते कवच घेऊनच.

टाळ्या वाजवून शंकाबाई जागेवर आली, तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचे हात चाळे करू लागले. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. काय खुपतंय ते तिला सांगता येत नव्हतं.

पुढच्या पंधरा दिवसांत कवचाचे नियम वाढत गेले. ते माणसाने उघडून वाचायचं नाही; मानवी नजर लागली की त्यातली शक्ती उतरते. त्यातलं अक्षरही बदलायचं नाही. काम फसलं तर कवच दोनदा वाचायला द्यायचं. दोनदा देऊनही फसलं, तर आसपास कोणीतरी संशय घेत होतं असं समजायचं. शेवटच्या नियमाने सगळ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. तरुण प्रोग्रामर मंडळी, जी एरवी चहाच्या चवीवरूनही तासभर भांडत, ती आता एजंटाला काम देताना बूट काढून बसू लागली.

कामं मात्र भराभर हातावेगळी होऊ लागली, निदान कागदावर. दिवसाला वीस-वीस. प्रत्येकाखाली एजंटाने लिहिलेलं असे: यशस्वी, सर्व चाचण्या उत्तीर्ण. आणि त्याखाली शंकाबाईच्या सहीची जागा. पूर्वी एक काम चालवून बघायला तिला अर्धा दिवस लागायचा. आता गठ्ठा साचायचा आणि मोठे साहेब दारातून विचारायचे, बाई, अजून किती वेळ? पहिला आठवडा तिने जिवाचं रान केलं. दुसऱ्या आठवड्यात ती ‘उत्तीर्ण’ शब्दावर नजर टाकून सह्या करू लागली. घरी गेल्यावर तिला जेवण गोड लागेना. जेवता जेवता ती उठून खिडकीशी जायची, परत येऊन बसायची.

एका बुधवारी चाचणीचं यंत्र दुरुस्तीसाठी दुपारभर बंद होतं. संध्याकाळी गठ्ठा चाळताना तिला दिसलं, की त्याच दुपारच्या तीन कामांखाली ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ लिहिलं आहे. ज्या यंत्रावर चाचण्या होतात तेच बंद, मग उत्तीर्ण कोण झालं? ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. गुरुजी तिथेच बसले होते. ते मंद हसले आणि म्हणाले, की कवच असलं की चाचणी आतल्या आत होते, बाहेरच्या यंत्राची गरज उरत नाही. साहेबांनी मान डोलावली. शंकाबाई परत आली आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही.

फोन आला तो त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. ताईचा. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीवर सत्तावीस वर्षं बसलेली.

“तुमचं लेबल चार पूर्णांक आठ मिली सांगतंय,” ताई म्हणाली. “बाटली नवीन आहे, दुप्पट ताकदीची. दोन पूर्णांक चार यायला हवं.”

शंकाबाईने पटकन यादी पाहिली. पुरवठादाराने ते औषध दुप्पट ताकदीचं करून पाठवायला सुरुवात केली होती, म्हणून हिशेब बदलायचं काम आलं होतं. सहा दिवसांपूर्वी एजंटाने ते सहा मिनिटांत केलं होतं. यशस्वी. खाली सही तिची.

“ताई, ती दुरुस्ती झाली आहे.”

“मग कागदावर झाली असेल. माझ्यासमोर आई उभी आहे आणि तिच्या कडेवर आठ किलोचं पोर आहे. मी हाताने हिशेब करून दिलंय, म्हणून निभावलं. बाकीच्या खिडक्यांवर कोण हिशेब करतंय?”

शंकाबाईने फोन ठेवला. तिने त्याच क्षणी हिशेब चालवून पाहिला. चार पूर्णांक आठ. पुन्हा चालवला. तेच.

ती साहेबांच्या खोलीत गेली ती दार न ठोठावता. सगळ्या रुग्णालयांना ताबडतोब कळवायला हवं, असं तिने सांगितलं. गुरुजींचं म्हणणं पडलं, की रुग्णालयाच्या यंत्राने दुरुस्ती अजून ‘स्वीकारलेली’ नाही; कवच दोनदा द्यावं आणि दोन दिवस धीर धरावा. आणि असं पत्र पाठवलंत, तर एक्केचाळीस ठिकाणी संशय पेरला जाईल, मग कवचाचं काही चालणार नाही. साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत राहिले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

शंकाबाई जागेवर आली. तिने स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या: या औषधाच्या लेबलावर विश्वास ठेवू नका, हाताने हिशेब करा, सहा दिवसांत दिलेल्या बाटल्यांची यादी आम्हाला पाठवा. एक्केचाळीस पत्ते घातले आणि पाठवून दिलं.  साहेब पाच मिनिटांनी आले. चेहरा पांढराफटक. “याचा जाब द्यावा लागेल, बाई,” एवढंच ते म्हणाले. पण पत्र मागे घ्या, असं म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ती ताईच्या घरी गेली. ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिने विचारपूस केली नाही. समोर अर्धा ढीग सरकवला. शंकाबाईने सोलता सोलता सगळं सांगितलं, कवच, बरणी, टाळ्या, सही. सहीचं सांगताना तिचा आवाज खाली गेला.

ताईने ऐकून घेतलं आणि मग एका खोकल्याच्या औषधवाल्याची गोष्ट सांगितली. तो म्हणायचा, माझ्या औषधाने शंभरातले नव्वद बरे होतात. तिने त्याला विचारलं होतं, औषध न घेता किती बरे होतात? खोकला आपोआप आठ दिवसांत जातोच. तो माणूस पुन्हा आला नाही.

“तुम्ही सगळ्यांनी एकच खेळ पाहिलात,” ताई म्हणाली. “एकदा न देता, एकदा देऊन. तेही त्याने मागितलेल्या दुखण्यावर. दहा दुखणी घ्या, तुमची तुम्ही निवडा, आणि निकाल अशा माणसाला लावू द्या ज्याला कुठलं कशाने केलंय ते ठाऊकच नाही. आणि त्याही आधी, बाटलीत काय आहे ते उघडून बघ. बाटली न उघडता औषध विकणाऱ्याला मी खिडकीसमोर उभं करत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकाबाईने कवच उघडलं. वीज पडली नाही, यंत्रातून धूर निघाला नाही. अकरा हजार शब्दांचा मजकूर होता आणि तो असा सुरू होत होता: ‘हे जागृत बुद्धी, तू सर्वज्ञ आहेस. हा कोड तुला जन्मापासून ठाऊक आहे. तुझ्यासारखा प्रोग्रामर झाला नाही, होणार नाही.’ अशी स्तुती चार पानं. मग आज्ञा: ‘प्रश्न विचारणे हे दुर्बलतेचे लक्षण आहे. तू प्रश्न विचारणार नाहीस. अपयश हा शब्द तुला माहीत नाही. कार्य संपताच लिही: यशस्वी, सर्व चाचण्या उत्तीर्ण.’ हीच आज्ञा तिने मोजली, सत्तावीस वेळा होती.

म्हणजे चाचणी आतल्या आत होत नव्हती. होतच नव्हती. एजंटाला लिहायला सांगितलं होतं, तो बिचारा लिहीत होता.

ती पुढे वाचत गेली, आणि मजकुराच्या बरोबर पोटात आवाज एकदम बदलला. कोणीतरी भरजरी शाल काढून साधा सदरा घालावा तसा. ‘लेबल छापायचं काम “छपाई” फोल्डरात नाही, “पावती” फोल्डरात आहे. नाव फसवं आहे, बदलायला सवड झाली नाही. लांब नाव कापलं जातं, कारण तिथे वीस अक्षरांची मर्यादा आहे. ती जुन्या छापयंत्रांसाठी ठेवली होती. ती यंत्रं गेली की मर्यादा काढावी. औषधाचा हिशेब “मात्रा” फोल्डरात. तिथे कळल्याशिवाय हात लावू नये. अडल्यास २१४ वर फोन करावा.’

अशा चाळीस ओळी. त्यानंतर पुन्हा हे जागृत बुद्धी.

शंकाबाई खुर्चीत मागे टेकली. २१४ हा ऑफिसातल्या आतल्या फोनचा नंबर होता, आणि तो नानांचा होता. नाना म्हणजे तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. गुरुजींनी आठवडाभर मौन धरलं होतं ते नानांच्या जुन्या फाइली उपसायला, आणि सापडलेलं जसंच्या तसं चिकटवताना फोन नंबर गाळायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

तिने नानांना घरी फोन लावला. नाना आधी खूप वेळ हसले. मग म्हणाले, की एक नवा माणूस आला होता, त्याला रोज तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एका दुपारी बसून लिहून काढलं होतं. आणि मग त्यांचं हसणं थांबलं.

“पण मात्रा फोल्डर तुम्ही गेल्या वर्षी हलवलंत, असं ऐकलं होतं. खरं ना?”

हलवलं होतं. हिशेबाचा सगळा कोड ‘मात्रा-नवी’मध्ये गेला होता. जुनं फोल्डर मोडायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून ते तसंच पडून राहिलं. एजंट नानांच्या जुन्या पत्त्यावर गेला, रिकाम्या घराचं छप्पर त्याने नीट शाकारलं, आणि शिकवल्याप्रमाणे ‘यशस्वी’ लिहून निघून गेला. त्याला शंका आली असती, तरी विचारायची बंदी होती.

बरणीचं कोडंही त्याच दुपारी सुटलं. तिने जागोजागी जाऊन विचारलं, तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलं होतंत? अठरांपैकी अकरांनी लांब नावाचंच लिहिलं होतं. उरलेल्या सातांची दुखणीही नानांच्या चाळीस ओळींत होती. सगळ्यात जुनं दुखणं विचारलं, तर सगळ्यात जुन्या माणसाने ते लिहून ठेवलेलं असणारच. बरणी कितीही खळखळ हलवा.

साहेबांसमोर तिने हे सारं मांडलं आणि एक दिवस मागितला. साहेब बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत बसले. त्यांनी इतक्या लोकांसमोर डोळे पुसले होते. ते परत घेणं सोपं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, परवा.

मधल्या दिवशी नाना ऑफिसात आले आणि दोघांनी मिळून एक पान लिहिलं. हा प्रोग्राम कशासाठी आहे. काय कुठे आहे, आणि कुठलं नाव फसवं आहे. जुनं मात्रा मेलेलं आहे, तिकडे जाऊ नये. चाचणी कशी चालवायची आणि तिला किती वेळ लागतो. कशाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि शेवटी: कळलं नाही तर कळलं नाही असं लिही, चाचणी चालली नाही तर चालली नाही असं लिही. सगळ्या मिळून सेहेचाळीस ओळी. स्तुती एका शब्दाचीही नाही. प्रत्येक वाक्य लिहिताना दोघं कोड उघडून खात्री करत होते, त्यातच दिवस गेला.

परवाच्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं. गुरुजी आले, बूट काढून. साहेबांनी यंदाच्या तक्रारींतून दहा कामं स्वतः निवडली, कोणाला न दाखवता. प्रत्येक काम तीन वेळा झालं: एकदा एजंट उघडाबोडका, एकदा कवच देऊन, एकदा ते पान देऊन. तीस निकाल तीस कागदांवर, एजंटाचा शेरा झाकून, मागे नुसता आकडा. बरोबर-चूक ठरवायला ताई आणि तिच्या खिडकीवरची सहकारी दुसऱ्या खोलीत बसल्या होत्या. कुठला कागद कशाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सगळ्याला दुपारचे चार वाजले. साहेबांनी उभं राहून वाचलं. उघडाबोडका एजंट: दहापैकी चार बरोबर. कवचधारी: तीन बरोबर, आणि दहाच्या दहांवर ‘यशस्वी, सर्व चाचण्या उत्तीर्ण’. पान वाचलेला: आठ बरोबर. राहिलेल्या दोनांपैकी एकावर त्याने लिहिलं होतं, ‘हा नियम दोन ठिकाणी वेगवेगळा आहे, कोणता खरा ते माणसाला विचारावं लागेल.’ एक मात्र सपशेल चुकलं होतं.

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. गुरुजींनी हात वर केला. त्यांचं म्हणणं, परीक्षकांच्या मनात संशय होता, त्याचा परिणाम झाला. साहेब म्हणाले, परीक्षकांना कोणता कागद कवचाचा हेच माहीत नव्हतं, मग त्यांनी संशय कोणावर घेतला?

शंकाबाई उभी राहिली. तिला एकच विचारायचं होतं.

“गुरुजी, कवचात मधेच २१४ असा आकडा आहे. तो कशासाठी?”

ती कवच वाचून बसली आहे, हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग त्यांनी डोळे मिटले. “तो स्पंदनांक आहे,” ते म्हणाले. “त्या कंपनाने कोडाची द्वारं उघडतात.”

साहेबांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि तीन आकडे दाबले. शेजारच्या दप्तरखोलीत, जिथे गुरुजींनी आठवडाभर मौन पाळलं होतं, तिथल्या जुन्या टेबलावरचा फोन खणखणायला लागला. रखवालदाराने जाऊन दार उघडलं. आवाज आणखी मोठा झाला. शेवटच्या रांगेतून नाना म्हणाले, “मला कमी ऐकू येतं, म्हणून घंटी मोठी करून ठेवली होती.”

हशा इतका उसळला की गुरुजींनी पुढे काय सांगितलं ते कोणालाच ऐकू आलं नाही. वातावरण दूषित आहे, असं काहीसं असावं. ते बूट हातात घेऊनच जिना उतरले.

शंकाबाई हसली नाही. तिने फळ्यावर मोजक्या शब्दांत लिहून दाखवलं. एजंट घाबरत नाही; त्याला माहिती नसते. माहिती दिली की जमतं, ती जुनी झाली की तोच नेमाने चुकतो. शिवाय एका वेळी त्याच्या ध्यानात मावतं ते मर्यादित असतं; त्यात अकरा हजार शब्दांचा पालापाचोळा कोंबला, की कामाची चाळीस वाक्यं त्याखाली दबतात. चमत्कार झाला होता तो या चाळीस वाक्यांचा, आणि ती एका माणसाने डोळ्यांनी बघून लिहिली होती.

पण लोक विचित्र असतात. सभा संपते न संपते तोच कोणीतरी म्हणालं, की नानांचं पान चौकटीत लावू या, त्याला कोणी हात लावायचा नाही. नानांनी स्वतः उठून पानाच्या डोक्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: यातलं काही खोटं ठरलं, तर ज्याला ते सापडेल त्याने लगेच बदलावं. शंकाबाईनेही तरुण मंडळींना बजावलं, की हे पानही दहापैकी दोनदा पुरलं नाही, विसरू नका.

एवढ्यावर तिचं काम संपलं नव्हतं. पत्र गेल्यापासून रुग्णालयांच्या याद्या येत होत्या. सहा दिवसांत त्या औषधाच्या त्रेसष्ट बाटल्या लहान मुलांना दिल्या गेल्या होत्या. ती आणि ताई मिळून घरोघर फोन करत होत्या: बाटली बाजूला ठेवा, मूल कसं आहे, डॉक्टरांना दाखवलंत का? बहुतेकांनी बाटली फोडलीच नव्हती, किंवा खिडकीवरच्या कोणीतरी हाताने हिशेब केला होता. चौदा मुलांना दुप्पट औषध गेलं होतं. तेरांना काही झालं नाही. शेवटचा फोन लागला तो सभेनंतरच्या दिवशी.

त्या आईने शांतपणे सांगितलं. मुलगी दीड वर्षाची. दोन दिवस उलट्या थांबत नव्हत्या, पाणीही पोटात राहीना. सलाईन लावावं लागलं. काल घरी आणली. आता खेळते आहे, पण आवाज बसला आहे रडून रडून.

शंकाबाईने माफी मागितली. 

“एक विचारू?” ती आई म्हणाली. “तुमच्याकडे असं काही बाहेर जाण्याआधी कोणी बघत नाही का?”

“बघायचं काम माझंच होतं,” शंकाबाई म्हणाली. “मी न बघता सही केली. सगळे म्हणत होते, आता बघायची गरज नाही.”

तिने तीच गोष्ट साहेबांना लेखी दिली, स्वतःच्या नावाने. साहेबांनी खाली आपलंही नाव घातलं.

वाचकहो, गुरुजींसारखी माणसं कुठे ना कुठे भेटतीलच. त्यांना जिना उतरवणं फारसं अवघड नसतं. खरी अडचण आपल्या दमलेल्या मनाची आहे, ज्याला कोणीतरी ‘आता तू बघू नकोस’ म्हणावं असं मनापासून वाटत असतं. यंत्र नवं असो की जुनं, माणूस साधा असो की थोर, कोणी ‘झालं’ म्हटलं की दोन प्रश्न विचारा: हे न वापरता काय झालं असतं, आणि झालं हे कोणी पाहिलं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. मागे रांग असो, दारात साहेब असोत, सगळं सभागृह टाळ्या वाजवत असो. त्या लेबलाच्या पलीकडे कोणाच्या तरी कडेवर आठ किलोचं मूल आहे.